भरीत झाल्यावर चुलीवर काय ठेवायचं: सफरचंदाचा गरम सायडर

आमच्याकडे थंडीचा सीझन भरिताच्या वांग्यांनी सुरू होतो. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, चातुर्मासात बंद असलेलं वांगं पुन्हा ताटात आलं, की मग जळगाव, भुसावळ, यावल, रावेर सगळीकडे एकच विषय, भरीत पार्टी कुणाच्या शेतात आणि कधी. बामणोदकडची ती पांढरट हिरवी, हातभर वांगी, बिया कमी, भाजली की साल एका ओढीत निघते. 2016 साली जळगावच्या भरीत वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याच वर्षी केळीलाही मिळालं, पण इथल्या माणसाला त्याआधीही कुणी सांगायची गरज नव्हती की भरिताला वांगं कुठलं घ्यायचं.

बाहेरच्या लोकांना खान्देश म्हटलं की ऊन आठवतं, मे महिन्यातलं चव्वेचाळीस-पंचेचाळीस. पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा इथे एकदम पडतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आकडा पेपरात येतो तो कित्येकदा एक आकडीच असतो, आणि नंदुरबारकडे सातपुड्यातल्या डाब गावात तर दव गोठल्याचे फोटो येतात. हवा कोरडी, दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि सूर्य बुडाला की तासाभरात पाय गार. म्हणून तर शेकोटी लागते, म्हणून तर पार्टी संध्याकाळची असते.

आता भरीत पार्टीत जेवणाचं सगळं ठरलेलं असतं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, मुसळीने ठेचायची, हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं, वरून कोथिंबीर, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या, मुळा, लिंबू. यात मी काही नवीन आणणार नाही आणि कुणी आणलं तर मला आवडणारही नाही. प्रश्न जेवणानंतरचा आहे. जेवण होतं, हात धुतले जातात, काड्यांचे इंगळ अजून लाल असतात, चटया आणि खुर्च्या त्यांच्याभोवती सरकतात, आणि त्या वेळेला हातात धरायला काहीतरी गरम हवं असतं. चहा होतो, पण चहा पाच मिनिटांत संपतो आणि चहा संपला की लोक गाडीची किल्ली शोधायला लागतात, ही आपली सवयच आहे, चहा म्हणजे निघायची परवानगी. मसाला दूध कोजागिरीला उत्तम, पण इतक्या लसूण-मिरचीवर दूध कुणालाच नको असतं. म्हणून गेली काही वर्षं आमच्या शेतात भरीत झाल्यावर त्याच इंगळांवर एक मोठा स्टीलचा गंज, म्हणजे खोलगट पातेलं, चढतो आणि त्यात सफरचंदाचा गरम मसालेदार सायडर असतो. आज त्याबद्दलच लिहायचंय, सविस्तर, कारण विचारणारे खूप झालेत आणि फोनवर नीट सांगता येत नाही.

माझी बहीण अमेरिकेत मिशिगनला असते, तिच्याकडे ऑक्टोबरात गेले होते तेव्हा हे पहिल्यांदा प्यायले. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि मिशिगन ही तिकडची मोठी सफरचंदाची राज्यं. हंगामात लोक पोराबाळांना घेऊन सायडर मिलला जातात, तिथे धुतलेली सफरचंदं सालीसकट कुटली जातात, तो लगदा कापडात गुंडाळून एकावर एक थर लावतात आणि वरून दाब देतात, खाली गढूळ, तपकिरी, घट्टसर रस पडतो. अमेरिकेत सायडर म्हणतात तो हाच, न गाळलेला, दारू न झालेला. इंग्लंडमध्ये मात्र सायडर मागितला तर आंबवलेला येतो, त्यामुळे बाहेर कुणी विचारलं तर आधी देश विचारून घ्यावा. तो गढूळ रस घरी आणून लोक दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून मंद आचेवर ठेवतात, पाहुणे येत-जात राहतात, ज्याला हवा तो डावाने कपात ओतून घेतो. मोठ्यांपैकी कुणी आपल्या कपात रम नाहीतर ब्रँडी घालतात, पोरं तशीच पितात, भांडं एकच. मला सगळ्यात आवडली ती ही गोष्ट. एकाच भांड्यातून आजी पण पितेय आणि नातू पण, आणि भांडं तासन्‌तास चुलीवर आहे त्यामुळे कुणी उठत नाही.

इंग्लंडमधल्या सॉमरसेट, हेरफर्डशायरकडची चाल तर मला आपल्याकडचीच वाटली. जानेवारीत, कार्‌हॅम्प्टन नावाच्या गावात 17 तारखेला, लोक रात्री सफरचंदाच्या बागेत जमतात, झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, सायडरमध्ये भिजवलेला ब्रेड फांद्यांत ठेवतात, तो रॉबिन पक्ष्यांसाठी, मग बंदुकीचे बार काढतात आणि झाडाला गाणं म्हणतात की पुढच्या वर्षी भरपूर फळ दे. 1752 मध्ये इंग्लंडने कॅलेंडर बदललं, तारखा अकरा दिवस पुढे सरकल्या, पण या लोकांनी आपला जुना दिवस सोडला नाही म्हणून ती 17 तारीख. आपली संक्रांत 14 ला, त्यांचं झाड 17 ला. शेतकरी कुठलाही असो, जानेवारीत तो मोकळा असतो आणि त्याला शेतात रात्री जमावंसं वाटतं.

तर आता आपल्याकडे. खान्देशात सफरचंद पिकत नाही, नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखाली शेकडो तास, काहींना हजारभर तास थंडी लागते आणि आपली थंडी पहाटेची पाहुणी. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी जात काढली, त्यांना 2025 ला पद्मश्री मिळाली, ती झाडं महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी लावलीयत, पण तिचं फळ उन्हाळ्यात येतं. म्हणजे भरिताच्या सीझनला आपल्या हातात काश्मीरचा नाहीतर हिमाचलचा कोल्ड स्टोरेजमधला माल. आणि तो गोड असतो. इथेच सगळी मेख आहे. इंग्रजांनी कुलूकडे आणलेल्या जुन्या जाती आंबटसर होत्या, आपल्या लोकांना त्या फारशा रुचल्या नाहीत. मग फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, 1916 च्या सुमाराला कोटगढला अमेरिकेतली लाल गोड रेड डिलिशियस लावली आणि तीच पहाडभर पसरली. खायला छान, पण नुसत्या गोड सफरचंदाचा रस गरम केला की तो बेचव पाक लागतो, जिभेवर बसतो, दुसरा कप नको वाटतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की या पेयात मसाला दुसऱ्या नंबरवर, पहिला नंबर आंबटपणाचा. लोक उलटं करतात, मसाला वाढवत जातात आणि म्हणतात चव येत नाही. आधी रस चाखायचा, गार असतानाच. जबड्याच्या मागे किंचित ओढल्यासारखं झालं पाहिजे. नाही झालं तर मसाल्याच्या डब्याला हातच लावायचा नाही, आधी आंबट आणायचं.

मी चार किलो फळ घेते तेव्हा तीन किलो साधं लाल आणि एक किलो ते हिरवंगार ग्रॅनी स्मिथ. ते महाग असतं, बाहेरून येतं, पण एका किलोने सगळ्या गंजाचा सूर बदलतो. मिळालं नाही तर लिंबू, ते तर पार्टीला आणलेलंच असतं, पण लिंबू गंज उतरवताना, आधी घातलं तर त्याचा वास उडून जातो. आवळाही चालतो, एक-दोन किसून रसात, फक्त तो तुरट करतो, आणि थोडा तुरटपणा इथे चांगलाच, कारण सायडरसाठी जी खास सफरचंदं लावतात ती तोंडात तुरटच असतात, खाण्याजोगी नसतात. चिंच नको. चिंच घातली की सगळ्यांना पाणीपुरी आठवते आणि सफरचंद गायब.

रस काढायला प्रेस कुणाकडे असणार, मिक्सर आहे. फळ नीट धुवायचं, आणि हे मी जोर देऊन सांगते कारण हा रस कच्चा प्यायची पद्धत धोक्याची आहे. 1996 मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई-कोलायची लागण झाली होती, एक लहान मूल गेलं होतं, त्यानंतर 1998 पासून तिकडे अशा रसाच्या बाटलीवर इशारा छापावा लागतो. आपण तर गरमच करणार आहोत, पण पोरं मिक्सरमधून थेट ग्लास भरून घेतात, त्यांना थांबवायचं. साल ठेवायची, रंग आणि अर्धा वास तिथेच असतो. बिया मात्र काढायच्या, मिक्सरमध्ये त्या फुटल्या की कडू होतं आणि त्यातलं रसायनही पोटाला बरं नाही. फोडी फिरवायच्या, सुती कापडातून दोघींनी पिळायच्या. किलोला साधारण अर्धा लिटर रस पडतो, म्हणजे चार किलोचा दोन लिटर. तो बघता बघता तपकिरी होतो, होऊ दे, कापलेलं सफरचंद काळं पडतं तेच हे, इथे तोच रंग हवाय. उरलेला चोथा गूळ घालून आटवला तर पोळीला लावायला चांगला, नाहीतर गोठ्यात द्यायचा.

एवढा कुटाणा नको असेल तर दुसरी पद्धत आहे, फोडी बियांशिवाय गंजात टाकायच्या, वर दोन बोटं येईल इतकं पाणी, मसाल्याची पुरचुंडी, आणि मंद आचेवर दीड-दोन तास. मऊ झालं की डावाने ठेचायचं, परत थोडा वेळ, मग गाळायचं. रस पातळ होतो पण गोल चव येते, आणि कमी फळात जास्त माणसं होतात. घाईत असाल तर डब्यातला रसही चालतो, पण डब्यावर शंभर टक्के ज्यूस लिहिलेलं आणि वरून साखर नसलेलं बघून घ्या, त्यात लिंबू जास्त लागेल. तिन्ही करून पाहिलेत, पिळलेल्या रसाची सर बाकीच्यांना नाही, तरी माझ्या जावेला फोडी उकळलेलाच आवडतो आणि तिच्या घरी ती तसाच करते.

भांडं स्टीलचं. लग्नातली पितळी पातेली बाहेर काढायचा मोह होतो, दिसतातही सुंदर, पण कल्हई उडालेली असेल तर आंबट रस त्यात अजिबात ठेवायचा नाही, तांब्यात नाही आणि ॲल्युमिनियममध्येही नाही. रस धातू खातो, आणि ते पोटात जातं.

मसाला दोन लिटरला एवढा: बोटाएवढे दालचिनीचे दोन तुकडे, सात-आठ लवंगा, दहा-बारा मिरे, चक्रफुल एक, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा ठेचून, आणि संत्र्याची साल, नागपूरची संत्री तेव्हा बाजारात असतातच, साल वरवरची काढायची, आतलं पांढरं कडू असतं. सगळं अख्खं, पातळ कापडात बांधून. पूड घालायची नाही. पूड घातली की रस चिखलासारखा होतो आणि घशात बसते, शिवाय पूड काढून घेता येत नाही, अख्ख्या मसाल्याचं हेच तर सुख आहे की तो पुरे झाला की बाहेर. लवंग पंचवीस-तीस मिनिटांत आपलं काम करते, त्यापुढे ती दाताच्या डॉक्टरचा वास देते, म्हणून पुरचुंडी अर्ध्या तासाने चाखून काढायची. दालचिनीचा एक तुकडा मग परत टाकला तरी चालेल. तिकडे ऑलस्पाइस नावाचं एक जमैकाकडचं वाळवलेलं फळ घालतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, लवंग-मिरे-जायफळ मिळून तो वास बऱ्यापैकी येतो, जायफळ मात्र किसणीवर दोनदा ओढायचं, तेवढंच. घरातला काळा मसाला कितीही प्रिय असला तरी इथे नको, चहाचा मसालाही नको.

आणि उकळायचं नाही. चहाची सवय इथे आड येते, आपल्याला भांड्यात उसळी दिसल्याशिवाय चैन पडत नाही. सायडर कडेला बारीक बुडबुडे, मध्ये शांत, वर वाफ, इतकाच ठेवायचा, सुरुवातीला फेस येतो तो काढून टाकायचा. खळखळ उकळला की सफरचंदाचा वास निघून जातो आणि जॅमचा येतो. भरीत भाजल्यावर उरलेले इंगळ यासाठी देवाने दिल्यासारखे आहेत, गॅसवर मंद आच साधायला लक्ष ठेवावं लागतं, इंगळांवर तीन विटा मांडून गंज ठेवला की तो आपोआप त्याच आचेवर राहतो, तासभर, दीड तास. गोड लागत असेल तर गूळ घालूच नका. लागत नसेल तर लिंबाएवढा खडा, आणि सैंधव अगदी चिमटीभर, मिरचीने भाजलेल्या तोंडाला ते फार बरं वाटतं. तिखटावर आंबट-गोड गरम, हे जमतंच. म्हणूनच मला हे पेय भरिताच्या रात्रीचंच वाटतं, ते परदेशातून आलंय हे मी विसरूनही जाते.

आता मनातलं एक. पहिल्यांदा शेतात केलं तेव्हा धुळ्याची आत्या आली होती, तिने कप हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हाई काय शे वं? काढा शे का?" आणि सगळ्यांनीच मान डोलवली, कारण तोच वास, लवंग-दालचिनी-आलं. मला त्या प्रश्नाने खूप विचारात टाकलं. आपल्या घरांत हा मसाला गरम पाण्यात पडतो तो कुणी आजारी असल्यावर. कोविडच्या त्या दोन वर्षांत तर घरोघरी सकाळ-संध्याकाळ काढा होता, त्या वासाला भीती चिकटलीय, कितीतरी घरांत त्या वासाबरोबर एखादं माणूस आठवतं, आमच्याही घरात आठवतं. थंडीतलं आपलं बाकीचंही तसंच, डिंकाचे लाडू कंबरेसाठी, मेथीचे सांध्यांसाठी, बाजरी अंगात ऊब यावी म्हणून. आईने सगळं आपल्या भल्यासाठी केलं, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण बायकांना, विशेष करून आत्याच्या वयाच्या बायकांना, कुणी कधी काही फक्त मजेसाठी गरम करून हातात दिलेलं नाही. कामाचं, गुणकारी, पथ्याचं, असंच सगळं. ती आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चुलीपाशी बसली, आणि त्या रात्री ती खुर्चीवर होती आणि चुलीपाशी आमचे दीर होते, डाव घेऊन.

मी म्हटलं, "नाही हो आत्या, काढा नाही, कशावर औषध नाही, नुसतं प्यायचं."

तिने घोट घेतला, परत घेतला. "गोड शे, आंबट बी शे," म्हणाली, आणि कप पुढे केला, "आखो दे थोडं."

तेव्हापासून कुणी मला विचारतं की याने प्रतिकारशक्ती वाढते का, कफ सुटतो का, तर मी बोलणं तिथेच वळवते. सफरचंदाचे, दालचिनीचे गुण सांगणारे खूप आहेत. मला हे पेय त्या यादीत घालायचंच नाही. कुणी बरं नसलेलं नाही, कुणाला बरं व्हायचं नाही, थंडी पडलीय आणि सगळे जमलेत म्हणून ते केलंय, एवढं कारण पुरेसं असायला हवं. तब्येतीचं कारण दिलं की लोक एक कप पितात, कर्तव्य म्हणून. कारण नसलं की तीन पितात आणि बसून राहतात. ज्यांना शुगर आहे त्यांनी मात्र अर्धा कप घ्यावा, फळाचा रस शेवटी साखरच असतो, हे मी पहिल्याच फेरीला सांगून टाकते म्हणजे नंतर कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही.

आणि लोक बसतात खरंच. मागच्या संक्रांतीच्या आसपास अकरा वाजून गेले तरी कुणी हललं नव्हतं. दीर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या गोष्टी सांगत होते, दत्तजयंतीला तापीकाठी भरतो तो, कुठला घोडा काय भावाला गेला आणि कुणी नुसताच बघून आलं, आणि पोरं घोंगड्यात झोपली होती, एरवी नऊला "चला, उद्या शाळा" सुरू होतं. आत्या मध्येच पन्नास वर्षांपूर्वीच्या एका थंडीबद्दल बोलायला लागली, तेव्हा कपाशी वेचायला पहाटे जायचे त्याबद्दल, बोटं कशी सुजायची त्याबद्दल. आमच्यापैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं, तिच्या मुलानेही नाही.

प्रमाणाचं विचारतात म्हणून शेवटी तेही. माणशी एक चहाचा कप धरून हिशोब करू नका, तो पहिल्या फेरीतच संपतो. दोनशे मिली धरा, पोरांना थोडं कमी, म्हणजे तीस माणसांना सहा लिटर, म्हणजे पिळून करणार असाल तर बारा किलो सफरचंद, त्यात तीन किलो हिरवी. फळवाल्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, बारकी आणि डाग पडलेली मागा, सडकी नाहीत, डागाळलेली, ती पेटीत खाली असतात आणि भाव निम्मा पडतो, पिळायला ती उत्तम. रस दुपारी घरीच काढून डब्यात भरून न्या, फ्रीजमधून थेट, शेतात जाऊन मिक्सर शोधत बसू नका. उरलाच तर गार करून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, सकाळी परत गरम करून पोळीबरोबर पोरं पितात. आमच्याकडे उरत नाही. यंदा आत्याने धुळ्याहून फोन करून आधीच विचारलंय की पार्टी कुठल्या शनिवारी, आणि गंज मोठा घ्या म्हणून सांगितलंय, तिच्या दोन मैत्रिणीपण येणारेत.